भूषणच्या बदल्यात

पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात विजेच्या लाइनचं काम करणाऱ्या भूषण लांभातेंना बंदूकवाल्यांनी साइटवरून उचलून नेलं, तेव्हा त्यांची बायको स्मिता इंदूरच्या तुकोगंजमधल्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसली होती. कंपनीचा माणूस फोनवर भरभर इंग्रजी बोलत होता. तिला एवढंच कळलं, की गाडी सापडली, ड्रायव्हर मेला आणि भूषण गाडीत नव्हते.

दिल्लीहून फोन यायचे. "आम्ही संपर्कात आहोत." कोणाच्या, ते कुणी सांगत नव्हतं. तिथल्या सरकारचा निम्म्या देशावर ताबाच नव्हता.

वाट उघडली ती भलतीकडूनच. झाबुआकडच्या एक नन, सिस्टर रुची भूरिया, आश्रमातल्या म्हाताऱ्या बायकांना घेऊन दवाखान्यात यायच्या. त्यांच्या संस्थेचं एक घर त्याच देशात होतं. तिथल्या नन्स आणि गावचे म्हातारे इमाम उमरू एका शांतता समितीत एकत्र बसायचे. चराईची भांडणं मिटवायची, विहिरींची मिटवायची, पळवलेली माणसं मागून आणायची. बंदूक घेतलेल्यांतली कितीतरी पोरं लहानपणी याच इमामांकडे कुराण शिकली होती.

सिस्टरांनी निरोप धाडला आणि इमाम रानात जाऊन आले. येताना भूषणचा आवाज फोनवर भरून घेऊन आले. "स्मिता, मी आहे. ताप उतरलाय. आईला सांग, जेवतोय म्हणून."

स्मिताने तो आवाज ऐकला आणि ती सिस्टरांचा हात धरून बसून राहिली.

"ये बात बाहर नहीं जानी चाहिए, स्मिताजी," सिस्टर म्हणाल्या. "फौजवाले आणि बंदूकवाले, दोन्ही तरफचे लोक इमामांना जाऊ देतात, कारण ते कुणाचेच नाहीत. कुणाचे आहेत असं वाटलं, की संपलं."

पण राजेंद्र नगरात दीर यशवर्धन मोर्चाची तयारी करत होता. अन्नपूर्णा मंदिरापासून निघायचं, पुतळे जाळायचे, चॅनलवाल्यांना बोलवायचं. भावासाठी तो जेवणखाण विसरला होता.

"भावजी, नका करू," स्मिता म्हणाली.

"चुप बसून काय होणार वहिनी? दादा तिकडे मरतोय, आणि आपण इकडे हात जोडून बसायचं?"

त्याला थांबवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने इमामांचं सगळं सांगितलं, देवाची शपथ घालून. यशवर्धन रडला. मोर्चा रद्द झाला. पण बोलवलेले चॅनलवाले दारात आलेच होते, आणि रद्द का केला, हे विचारत होते. आनंदाच्या भरात तो बोलून गेला, "उम्मीद आहे. तिथले एक इमाम आमच्यासाठी बात करतायत. सरकारलाही माहीत आहे."

सरकारला काहीच माहीत नव्हतं. ते वाक्य त्याने आपलं वजन वाढवायला जोडलं होतं. पण ती क्लिप फिरत फिरत तिथपर्यंत पोचली, आणि तिथल्या बंदूकवाल्यांनी नेमकं तेच ऐकलं: इमाम सरकारचे आहेत.

नन्सनी इमामांना परोपरीने सांगितलं, आता जाऊ नका. ते म्हणाले, मी त्या माणसाला परत येतो म्हणून सांगितलंय. गावातल्या एका पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून ते गेले.

त्याच मोटरसायकलवर भूषण परत आले. इमामांना बंदूकवाल्यांनी ठेवून घेतलं.

इंदूरच्या विमानतळावर ढोल होते. कॉलनीत मांडव पडला, हारतुरे झाले. भाषणांत सगळ्यांचे आभार मानले गेले. मध्येच मागून बदल्याच्या घोषणा सुरू झाल्या. भूषणनी माइक घेतला. त्यांचा आवाज बसलेला होता.

"मला एका इमामांनी सोडवलं. ते अजून तिथेच आहेत. माझ्या जागी."

 मग कुणीतरी पुन्हा घोषणा दिली आणि बाकीच्यांनी ती उचलली.

त्याच आठवड्यात इमामांचं प्रेत रस्त्याकडेला मिळालं. सिस्टर सांगायला घरी आल्या. यशवर्धन तिथेच बसला होता. "मी काय चुकीचं बोललो?" तो म्हणाला, मग पुन्हा तेच म्हणाला.  तो उठून गेला आणि त्यानंतर त्या घरी आला नाही.

भूषणनी इमामांच्या मुलीशी बोलायचा हट्ट धरला. सिस्टरांनी फोन जोडून दिला. पलीकडची नन एकेक वाक्य भाषांतर करून सांगत होती. मुलगी रडली नाही. वडील शेवटी कसे दिसत होते, एवढंच तिने विचारलं.

"थकले होते," भूषण म्हणाले. "मला बसवून देताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी समजलो, तेही मागच्या गाडीवर येतायत."

ती म्हणाली, समिती मोडली. माझे भाऊ आता चर्चवाल्यांसोबत बसायला तयार नाहीत, बातमी त्यांच्याकडूनच फुटली म्हणतात, आणि नन्सही गाव सोडून चालल्यात.

पावसाळा सरता सरता ओडिशाहून एका बाईचा फोन आला. तिचा नवरा त्याच लाइनवर वेल्डर होता. त्यालाही नेलं होतं. कुठूनतरी तिने स्मिताचा नंबर मिळवला होता.

"दीदी, आपके पति को जिन्होंने छुड़ाया, उनका नंबर दे दीजिए," ती म्हणाली. "मैं किसी को नहीं बताऊँगी."

स्मिता ओट्याला टेकून उभी राहिली. ते इमाम आता नाहीत, हे त्या बाईला सांगायचं होतं. बाई पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिली.