गुरुवारचा बिघाड

सुनेचं वागणं माईंना पटत नव्हतं. त्यात नवीन काही नव्हतं. नवीन एवढंच, की या खेपेला काय पटत नाही ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. सून उलट बोलली असती, तिनं भाजी करपवली असती, उन्हं वर आल्यावर उठली असती, तर माईंनी जिन्यात उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं असतं आणि तळमजल्यापर्यंत न्याय मिळवला असता. पण सुनेचा गुन्हाच असा होता, की माईंची लेक सुनेशी तास तास बोलायची आणि माईंशी बोलायची ती तोंडी लावण्यापुरती.

लेक दूरच्या शहरात एका मोठ्या गोदामावर देखरेखीला होती. दर रविवारी दुपारी ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायची. जेवलीस का, गुडघा कसा आहे, गोळी घेतलीस का. तीन प्रश्न झाले की मान जरा वाकडी करून माईंच्या खांद्यावरून मागे बघायची आणि म्हणायची, "वहिनी आहे का गं तिथे?" मग माई उठायच्या, सून त्यांच्या खुर्चीत बसायची, आणि आतल्या खोलीत पडलेल्या माईंना दोघींचं हसू ऐकू यायचं. काय एवढं हसण्यासारखं असतं, हे त्यांना कधीही कळलं नाही. विचारायला त्यांची जीभ रेटली नाही.

एका रविवारी लेकीच्या मागे भलतीच भिंत दिसली, भलतीच खिडकी, आणि खिडकीला राखाडी पडदे. माईंनी विचारलं, कुणाच्या घरी बसली आहेस? लेक म्हणाली, अगं घर बदललं ना, सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. वहिनीला सांगितलं होतं. पडदेही तयार आणले होते, आणि रंग वहिनीनं पसंत केला होता.

माईंनी उभा जन्म पडदे शिवले. घरांचे, दवाखान्यांचे, एका नाटकाच्या थेटराचा तर असा शिवला होता की वर घ्यायला दोन माणसं लागायची. शाळेची पायरी त्या चढल्या न चढल्यासारख्या, पण कापड नजरेनं मापायच्या. कॉम्प्युटरच्या त्या एवढ्याशा पडद्यावरूनसुद्धा त्यांना दिसलं, की लेकीचे पडदे जमिनीपासून चार बोटं वर लटकताहेत, चिखलातून चालताना बायांनी कपडे वर धरावेत तसे. रात्री त्यांना घास गोड लागला नाही.

तो कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात होता आणि खरं तर सुनेचा होता. एका छापखान्याची पुस्तकं छापण्याआधी तपासून द्यायचं काम ती घरबसल्या करायची. दिवसभर वाचायची. माईंना स्वतःचं नाव आणि बसवरचे आकडे एवढंच धड वाचता यायचं, तरी कॉम्प्युटर त्या चालवायच्या, तो जागेवरून. डावीकडून पहिली ओळ, वरून तिसरं चित्र, निळं: तिथे टिचकी मारली की लेक. स्वयंपाकघरातल्या एकाही डब्यावर नाव नव्हतं, पण दिवे गेले तरी त्यांचा हात बरोबर मिठावर पडायचा, तसंच हे.

गुरुवारी सून तपासलेलं काम घेऊन छापखान्यात जायची, मुलगा कामाला जायचा, आणि घर माईंच्या ताब्यात यायचं. त्या गुरुवारी त्यांनी ओल्या फडक्यानं टेबल पुसलं, कळा पुसल्या, आणि माऊस तर असा घासला, की जणू करपलेलं पातेलं असावं. मान वर करून बघतात तो पडद्यावर एकही चित्र नाही. मागचा हिरव्या डोंगराचा फोटो तेवढा शाबूत, आणि त्यावर काही म्हणजे काही नाही.

माईंनी फडकं खाली टाकलं. सून रागावेल ही भीती नव्हती. सून रागवायची नाही, "असू दे माई" म्हणायची, आणि ते "असू दे" माईंना दोन शिव्यांपेक्षा झोंबायचं. त्यांनी आपला बटणांचा फोन काढला आणि लेकीला लावला. गुरुवारी तिला सुट्टी असायची.

लेक पहिलं वाक्य काय बोलली असेल? वहिनीला दे. माई म्हणाल्या, वहिनी छापखान्यात. मग आली की ती बघेल, असं लेक म्हणाली, तेव्हा माईंचा आवाज चढला.

"ती येईपर्यंत मी काय तोंडावर पांघरूण घेऊन पडू? तुला येतं की नाही तेवढं सांग."

येत होतं. लेकीनं आधी विचारलं, मागचा फोटो दिसतो का? दिसतो. खालची पट्टी आहे का? आहे. मग काही गेलेलं नाही, नुसतं झाकलं गेलंय, ती म्हणाली. मोकळ्या जागी बाण ने आणि माऊसचं उजवं बटण दाब. माईंनी डावं दाबलं. मग उजवं दाबलं, पण बाण खालच्या पट्टीवर असताना, आणि भलतंच काही उघडलं. ते बंद करेपर्यंत लेकीनं तिकडे चहा टाकला, आणि माई चाचपडत होत्या तोवर ती आपली बोलत राहिली. नवीन घर फार गार आहे. वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे खुर्च्या ओढतो. साहेब बदलले, नवे साहेब हसतात फार आणि रजा देत नाहीत. पडदे आखूड झाले, खालून गार वारा येतो.

"चार बोटं," माई म्हणाल्या.

लेक म्हणाली, तुला कसं कळलं? इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

शेवटी उजवं बटण योग्य जागी दाबलं गेलं. सगळ्यात वरच्या ओळीवर बाण नेला, बाजूला दुसरी यादी निघाली, तिच्यातली शेवटची ओळ. तिच्यामागे बरोबरची खूण आहे का? नाही. मग दाब. माईंनी दाबलं, आणि सगळी चित्रं जिथल्या तिथे येऊन बसली, जशी काही कुठे गेलीच नव्हती.

"जमलं? बरं, ठेवते मग," लेक म्हणाली, आणि फोन बंद झाला.

माई त्या निळ्या चित्राकडे बघत बसल्या. बिघाड होता तोवर लेक होती. बिघाड संपला, लेक गेली. एवढं समजायला शाळा लागत नाही.

पुढच्या गुरुवारी फडक्याची गरज पडली नाही. उजवं बटण, वरची ओळ, शेवटची ओळ, दाब. चित्रं गेली. माईंनी घसा साफ केला, आवाजात काळजी आणली आणि फोन लावला. परत गेलं गं सगळं. लेक बिचारी पहिल्यापासून सांगत राहिली, आणि माई मुद्दाम पट्टीवर जात राहिल्या, डावं बटण दाबत राहिल्या. वरच्या माणसानं खुर्च्यांना रबर लावलं, हे त्यांना सुनेच्या आधी कळलं. रविवारी लेकीनं तीच बातमी सुनेला दिली तेव्हा माई मागून म्हणाल्या, "ते जुनं झालं," आणि आतल्या खोलीत जाऊन छान झोपल्या.

पण एकच बिघाड किती दिवस चालवणार? लेकीला वाटेल आई अगदीच ढ आहे. म्हणून माईंनी त्या यादीतल्या इतर ओळीही चाळल्या. एका ओळीनं चित्रं ताटाएवढी झाली. एकीनं मोहरीएवढी. आणि एका गुरुवारी त्यांनी अशी ओळ दाबली, की सगळी चित्रं आपापल्या जागा सोडून डाव्या कडेला रांगेत उभी राहिली. पाणी यायच्या आधी नळावर बायका उभ्या राहतात तशी. लेकीला ते सोडवायला फार वेळ लागला. रांग मोडली, पण जुन्या जागा काही परत आल्या नाहीत. माईंनी निळं चित्र ओढून आपल्या तिसऱ्या जागी आणलं आणि बाकीची जमेल तशी पांगवली. त्या दिवशी लेकीनं, रात्री एकटीला भीती वाटते, हेही सांगितलं. माईंना तो दिवस सोन्याचा वाटला.

सुनेला तो महागात पडला. पडद्याच्या उजव्या अंगाला तिची न तपासलेली पानं असायची, डाव्या अंगाला तपासलेली. तीही जागेवरूनच काम करायची, हे माईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. न वाचलेला एक भाग वाचलेला म्हणून गेला आणि छापूनही झाला. छापखान्याचे मालक सगळ्यांदेखत तिला बोलले. संध्याकाळी ती डोळे लाल करून आली. नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, माझीच चूक, गडबडीत बघायचं राहिलं.

माई ताटाकडे बघून जेवल्या. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून मोठी धास्ती अशी, की ही आता रविवारी लेकीला सांगेल, दोघी मिळून हसतील, आणि गुरुवार संपेल. रविवारी त्यांनी भिंतीला कान लावला. सून त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. माईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. एवढं पोटात ठेवायचं, तेही हिलाच जमतं. आपल्याला जमलं नसतं, आपण जिन्यात उभ्या राहिलो असतो.

त्यानंतरच्या गुरुवारी सून बाहेर पडली आणि अर्ध्या वाटेवरून परतली. चष्मा विसरला होता. दार ढकलून ती आत आली तेव्हा माई तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, फोन कानाला, आणि काकुळतीनं म्हणत होत्या, नाही गं, अजून एकही दिसत नाही, परत सांग बघू. समोरच्या पडद्यावर सगळी चित्रं झळकत होती.

माईंना चाहूल लागली. वळून बघितलं. सुनेनं टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर लावला आणि आली तशी निघून गेली. दार वाजलं का, असं लेकीनं विचारलं. वारा असेल, माई म्हणाल्या.

आठवडाभर त्यांनी वाट पाहिली. आज बोलेल, उद्या बोलेल. नवऱ्याला सांगेल. निदान भांडी आपटेल. सून काही आपटेना. गुरुवारी पिशवी खांद्याला लावून ती उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली,

"माई, आज परत गेलंय सगळं. मला उशीर होतोय, तुम्ही ताईंना विचाराल का?"

माईंनी पडद्याकडे बघितलं. हिरवा डोंगर, बाकी काही नाही. चेहरा कोरा ठेवून सून चपला घालत होती. मग खाली बघतच, हळू आवाजात म्हणाली, "फक्त झाकलेलं बरं. जागा हलल्या की माझं काम बिघडतं."

ती गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत माई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली होती. चोरी पकडली असती तर त्या भांडल्या असत्या, आणि जिंकल्याही असत्या. हिनं चोरीचा माल बांधून हातात दिला. माझीच लेक, आणि तिच्याशी बोलायला दार ही उघडून देणार. मी मान खाली घालून आत जायचं. लेक हिची झालीच होती, आता लेकीपर्यंतची वाटही हिच्याच अंगणातून.

माई कॉम्प्युटरपाशी गेल्या. उजवं बटण, वरची ओळ, शेवटची ओळ, दाब. चित्रं आली. मग त्यांनी फोन हातात घेतला, आणि मशिनवर जाड कापडाच्या आठ घड्या रेटणारा तो हात बटणावर अडला. सांगायला काही नव्हतं. आपल्याच पोरीला फोन करायला एवढं धाडस लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं.

लेकीनं फोन घेतला. आज काय गेलं, तिनं विचारलं.

"काही गेलं नाही. सगळं आहे."

"मग? दादा बरा आहे ना? गुडघा?"

"सगळे बरे आहेत. मला तुझ्याशी बोलायचं होतं."

पलीकडे काही शिजत होतं, त्याचा आवाज येत होता. मग लेक म्हणाली, "थांब हं, गॅस बंद करते." आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

बोलणं इतर गुरुवारांपेक्षा कमीच झालं. मध्ये सांगायला बटणं नव्हती, त्यामुळे दोनदा दोघीही गप्प राहिल्या. माईंनी विचारलं, रात्रीची भीती गेली का? लेक म्हणाली, पूर्ण नाही. दिवा लावून झोपते. माईंच्या जिभेवर प्रश्न आला, गिळावासा वाटला, पण आलाच.

"हे वहिनीला सांगितलंस?"

"सांगितलं की. घर बदललं तेव्हाच."

माईंनी डोळे मिटले. म्हणजे सोन्याचा म्हणून जपलेला तो दिवससुद्धा उष्टाच होता. पण लेकीनं फोन ठेवला नाही. म्हणाली, माझ्या लहानपणी तू रात्री मशिनवर बसायचीस ना, तो आवाज ऐकत झोपायचे मी. इथे फार शांत आहे. हेही वहिनीला सांगितलंस का, असं माईंनी विचारलं नाही. एवढं एक त्यांनी त्या दिवशी स्वतःसाठी ठेवलं.

संध्याकाळी सून आली. पिशवी ठेवली, पडद्याकडे एक नजर टाकली. सगळी चित्रं जागेवर होती. "जमलं का माई?" तिनं विचारलं, आणि ती आत वळणार, तोच माईंनी तिला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. आवाज खाली होता. जिन्यात कुणाला ऐकू गेलं नसतं.

"छापखान्यात तुला बोलणी बसली ती माझ्यामुळे. ते मी मालकांना येऊन सांगीन, तू नको सांगूस. आता दुसरं ऐक. तुझ्यात खोट काढायला मी जंग जंग पछाडलं, तेव्हा कुठे एक हाती लागली. तू चांगली आहेस, आणि चांगुलपणा करताना समोरच्याला पाहिजे का म्हणून विचारत नाहीस. माझ्या लेकीनं माझ्याशी बोलावं म्हणून तू आजपासून काही झाकायचं नाहीस. ती तुझ्याशी जास्त बोलते, बोलू दे. मला तुझा हेवा वाटतो, वाटू दे. त्यात मला तुझी मदत नको."