सोल्वे तळ्यावरचं कुलूप

रविवारी सकाळी साडेआठला ऑर्लिन स्कारने आपलं मोटारहोम रूडीच्या दुकानामागे नेऊन उभं केलं. हातमोजे चढवले, कप्प्यातून जाडा पाइप ओढून काढला आणि मागे वळून बघतो तो काय, गाडीतल्या संडासाची टाकी सोडायला ज्या भोकात तो वीस वर्षं पाइप घालत आला होता, त्या भोकावर कुणीतरी सिमेंट ओतलेलं. ओलं असताना त्याच्यावरून एक मांजर चालत गेलं होतं. त्याची पावलं नीट उमटली होती.

दुकान रविवारी बाराला उघडतं. दारावर रूडीच्या हातचा कागद होता: पाहुण्या लोकांनी भोकात इंजिनाचं तेल ओतलं, लंगोट कोंबले, टाकी फुटली. माफ करा. काउंटीच्या बागेत सोय आहे. देव भलं करो.

"देव करेलच," ऑर्लिन पुटपुटला. "त्याने कुठं सिमेंट ओतलंय."

पाइप परत कप्प्यात गेला. आत त्याची बायको मार्व्हेल गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसली होती. बसायच्या जागेवर, डोक्याच्या वर, लाल दिव्यांची एक ओळ होती. मैल्याची टाकी किती भरली ते सांगणारी. चारही दिवे लागले होते.

"बंद?" तिने विचारलं.

"पुढं आहे. बारा मैलांवर."

गेला आठवडाभर दोघं मोठ्या शहरातल्या इस्पितळाच्या आवारात या गाडीतच राहिली होती. मार्व्हेलच्या आतड्यावर उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली होती, मग हे किरणांचे उपचार. आता तिला अर्ध्या पाऊण तासाला संडासात जावं लागायचं, आणि जावं लागायचं म्हणजे तेव्हाच. म्हणून तर हे धूड घेऊन फिरायचं. इस्पितळाच्या आवारात टाकी सोडायला जागा नव्हती. काल संध्याकाळी चौथा दिवा लागला. मंगळवारी पुन्हा तपासणी होती, आणि डॉक्टरांचा चेहरा काही बरं सांगत नव्हता.

आणि आज सोल्वे तळ्याच्या काठी गाणी होती. बर्फ पडायच्या आत वर्षातून एकदा त्या भागातल्या चारही चर्चची माणसं कुरणात जमायची. ट्रकवर पियानो चढवायचा, बाकं मांडायची, आणि देवाचं नाव गळ्यातून मोकळं सोडायचं. प्रवचन थोडं, गाणं फार. मार्व्हेल आणि तिची धाकटी बहीण लाव्होन चाळीस वर्षं तिथं दोघींची जोडगाणी गात आल्या होत्या. लाव्होन वरच्या पट्टीत, मार्व्हेल खालच्या. अकराला सुरुवात व्हायची.

"एक सांगते," मार्व्हेल म्हणाली. "टाकी रिकामी झाली नाही, तर मी तिथं उतरणार नाही. कुरणात एकच पत्र्याची खोली, तीही टेकडीच्या वर. दीडशे माणसांसमोर मी टेकडी चढत पळणार नाही, ऑर्लिन. मला सरळ घरी ने."

"होईल रिकामी."

"मी चिडून नाही म्हणत."

"मी चिडलोय ना. एकाने चिडलं की पुरे."

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी बागेला साखळी होती. सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला, मोसम संपला, पाणी बंद केलं, पुढच्या मे महिन्यात या. ऑर्लिनने खाली उतरून साखळी दोन्ही हातांनी हलवून बघितली. बंद म्हणजे बंदच होती. साखळीच्या पलीकडे वीस पावलांवर ती जागा दिसत होती. स्वच्छ, धुतलेली, लोखंडी झाकण, शेजारी पैसे टाकायची पेटी. आणि पेटीवर चिकटवलेला कागद: तळी आपली, जबाबदारी आपली.

त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. हा माणूस काउंटीच्या नोकरीत एकतीस वर्षं रस्ते सपाट करणारं यंत्र चालवत होता. ही बाग झाली तेव्हा आतला रस्ता त्यानेच घातला होता. माणसाला तळ्याकाठी बोलवायचं, बोटी विकायच्या, मासे पकडायचे परवाने विकायचे, आणि खाल्लेलं कुठं टाकायचं म्हटलं की साखळी. वर तळी आपली म्हणून उपदेश.

तिथून सात मैलांवर डार्ला नावाच्या बाईचा कॅम्प होता, मोटारहोम मुक्कामाला लावायची जागा. डार्ला स्वतः दारात आली, एप्रनला पीठ लागलेलं. चेहरा असा की जन्मभराची ओळख.

"या, या. थंडी पडायला लागली नाही? कॉफी गरम आहे."

"तशी बरीच पडलीय," ऑर्लिन म्हणाला. "म्हटलं, सहज विचारावं. टाकी सोडायचं काही जमतंय का तुमच्याकडे."

"टाकी होय," डार्ला म्हणाली आणि तळ्याकडे बघायला लागली. "बघा ना. म्हणजे आहे तशी सोय. मुक्कामाच्या लोकांसाठी. आणि सध्या ती जमिनीतली टाकी जरा भरत आलीय. बुधवारी उपसणारा येतोय. तसं नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं."

"नाही, नाही. तसं काही नाही. एका रात्रीचे पैसे देऊ का?"

"अहो, पैशाचं काय. घाईचं आहे का?"

"छे. घाई कसली," ऑर्लिन म्हणाला.

त्या मुलखात 'नाही' हा शब्द कुणी तोंडावर मारत नाही, आणि 'मला हवंय' हाही कुणी तोंडावर मारत नाही. दोन्ही बाजूंनी गूळ लावत राहायचं. माणूस बुडत असला तरी काठावरच्याला म्हणेल, तुमचं काम झालं की बघा, जमलं तर. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. तिथं ती बहीण घराघरांत नांदत होती.

डार्लाने मार्व्हेलला आत नेलं, घरचा संडास दाखवला, तेवढ्यापुरतं निभावलं. येताना कागदात बांधून लिंबाच्या वड्या दिल्या. "वेन्डल कांगासकडे बघा," ती म्हणाली. "बोटी उतरवतात ना तिथं. त्याच्याकडे जमेल कदाचित."

गाडी रस्त्याला लागली. मार्व्हेलने वड्यांची पुडी मांडीवर ठेवली होती, सोडली नव्हती.

"घाई कसली, असं का म्हणालास तू?"

"मग काय म्हणू?"

"घाई आहे म्हण."

"अगं, परक्या बाईला तुझ्या आतड्याचं सांगत बसू?"

"माझं आतडं पाच डॉक्टरांनी आणि त्यांच्या अकरा विद्यार्थ्यांनी बघितलंय. डार्लाने ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

समोरून एक गाडी आली, चालकाने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार केला. ऑर्लिनने आयुष्यात पहिल्यांदाच उलट बोट उचललं नाही.

सोल्वे तळ्याच्या उत्तर टोकाला बोटी उतरवायची उतरण होती. तिथं गावाची मैला सोडायची जागा होती आणि तिच्या झाकणावर पितळी कुलूप. शेजारच्या घरात वेन्डल कांगास राहायचा, गावच्या बोर्डाचा सभासद. तो पडवीत बसून गळाची दोरी गुंडाळत होता. पलीकडच्या काठावर, पाण्यापलीकडे, कुरण दिसत होतं. गाड्या लागल्या होत्या. कुणीतरी पियानोचे सूर तपासत होतं आणि पाण्यावरून एकेक सूर स्वच्छ ऐकू येत होता. पावणेअकरा झाले होते.

"काय म्हणतंय तळं?" ऑर्लिनने विचारलं.

"ठीकच. मासा खोल गेलाय. तुमच्याकडे?"

"चाललंय. याहून वाईट असतं."

"असतं," वेन्डलने मान डोलवली.

मग वाऱ्यावर बोलणं झालं. मग बर्फ यंदा लवकर पडणार का, यावर. मग वेन्डलच्या बोटीच्या नव्या इंजिनावर. ऑर्लिनच्या पोटात निखारा फुलत होता आणि तोंडातून तूपच गळत होतं. शेवटी तो म्हणाला, "कुलूप नवीन दिसतंय."

"बोर्डाने लावलं. नव्या बंगलेवाल्यांची तक्रार, वास येतो म्हणून."

"हो का. म्हणजे आता उघडत नसेल."

"तसं ठरलंय खरं," वेन्डल म्हणाला आणि दोरी गुंडाळत राहिला. "बघायला पाहिजे."

"बघा. तसं काही नाही."

ऑर्लिन वळला तो तोंड लालबुंद घेऊन. गाडीपाशी आला. कप्पा धाडकन उघडला, पाइप काढला, टाकीच्या तोंडाला घट्ट बसवला आणि दुसरं टोक ओढत निघाला रस्त्याकडेच्या चराकडे. चर उतरत जाऊन बोरूच्या रानातून तळ्याला मिळत होता. त्याला ते ठाऊक होतं. त्यानेच तो चर कोरला होता. जाऊ दे, त्याला वाटत होतं. जाऊ दे सगळं यांच्या बंगल्यांखाली. येऊ दे खरा वास. या मुलखाने माझ्या बायकोला एक भोक दिलं नाही.

"ऑर्लिन."

मार्व्हेल गाडीच्या दारात उभी होती. एका हाताने पोट धरलं होतं.

"तळ्यात नाही."

"कुणाला कळतंय?"

"ते बघ, ते गाताहेत," ती म्हणाली. पलीकडे पहिलं गाणं सुरू झालं होतं. "याच पाण्यापाशी उभं राहून मी चाळीस वर्षं देवाचे आभार मानले. तू त्यात माझी घाण सोडणार, आणि मग मी त्याच्यापुढे कुठलं तोंड उघडू? ठेव तो पाइप."

त्याने ठेवला नाही. पण टाकी मोकळी करायची खिट्टीही ओढली नाही. पाइप हातात घेऊन उभा राहिला, सापाचं शेपूट धरल्यासारखा.

मार्व्हेल पायरी उतरली. सावकाश, पण न थांबता, वेन्डलच्या पडवीपर्यंत चालत गेली. वेन्डल उठून उभा राहिला.

"मी मार्व्हेल स्कार," ती म्हणाली. "मला कर्करोग आहे. माझं आतडं धरत नाही. मला आत्ता, या मिनिटाला तुमचा संडास हवाय. आणि त्या कुलपाची किल्ली हवीय, कारण आमची टाकी भरलीय, आणि मला पलीकडे जाऊन बहिणीबरोबर गायचंय. कदाचित शेवटचंच."

वेन्डलच्या हातातून दोरीचं रीळ पडलं आणि पडवीभर गडगडत गेलं. त्याने दार उघडून धरलं. "डावीकडे," तो म्हणाला. ती आत गेली. त्याने दाराच्या आतल्या खिळ्यावर हात घातला आणि किल्ली काढली. लाल दोऱ्यात बांधलेली किल्ली. ऑर्लिन बर्फाच्या गप्पा मारत होता तेव्हा ती हातभर अंतरावर लटकत होती.

"अरे, सांगितलं का नाहीस?" वेन्डल म्हणाला. "मी समजलो गप्पा मारायला थांबलास."

"मी विचारलं होतं."

"तू कुलूप नवीन आहे म्हणालास."

ऑर्लिनने किल्ली घेतली. झाकण उघडलं, पाइप घातला, खिट्टी ओढली. आधी मैला, मग भांड्याचं साबणपाणी, म्हणजे पाइपही धुऊन निघतो. पाण्याचा नळ चालू करून त्याने सिमेंटचा चौथरा धुतला, नंतर परत धुतला. वेन्डल शेजारी उभा राहून काहीतरी मदत करू बघत होता. ऑर्लिनने त्याला करू दिली नाही. राग वेन्डलवर होता, बोर्डावर होता, रूडीच्या सिमेंटवर होता. आणि या सगळ्यांच्या तळाशी गाळासारखा स्वतःवर होता, आणि तो काही केल्या धुतला जात नव्हता. बाई सकाळपासून कळ सोसत होती, आणि हा काठाकाठाने गूळ वाटत फिरत होता.

ते कुरणात पोचले तेव्हा चौथं गाणं चाललं होतं. ऑर्लिनने गाडी बाकांच्या अगदी मागे, तीस पावलांवर लावली. लाव्होन ट्रकपाशी उभी होती. बहिणीला बघितलं आणि तिने नुसता हात पुढे केला, जणू रोज सकाळी करते. मग दोघी गायल्या. मार्व्हेलचा आवाज पहिल्या कडव्यात खरखरला, दुसऱ्यात बसला, तिसऱ्यात लाव्होनच्या आवाजाखाली जाऊन असा उभा राहिला की घराखाली जोतं असावं. माणसं माना खाली घालून ऐकत होती. ऑर्लिनला ते गोड ऐकू येत होतं आणि राग तसूभर कमी होत नव्हता. दोन्ही एकाच छातीत मावत होतं. देवाने छाती बरीच मोठी केलीय.

गाणी संपली. पाद्रीबाईंनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सूचना द्यायच्या आहेत?" दरवर्षी कुणीतरी उठून हरवलेल्या छत्रीबद्दल सांगतं.

ऑर्लिन उठला. लोकांना वाटलं छत्रीच.

"मी ऑर्लिन स्कार. आज सकाळी माझ्या बायकोला संडासाची गरज होती," तो म्हणाला. बाकांवर कुणीतरी खोकलं. "मी चार दारं हिंडलो. एकावर सिमेंट, एकावर साखळी, एक भरलेलं. चौथ्यावर कुलूप. सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं, कॉफी विचारली, वड्या दिल्या. तुमचे बंगले आहेत, बोटी आहेत. वास येतो म्हणून तुम्ही झाकणं बंद केलीत. माणसाला वास येतोच. तो कुठंतरी जाणार. आज तो तुमच्या तळ्यात जात होता. मीच सोडत होतो. हिने अडवलं. नाहीतर मी थांबलो नसतो." त्याचा आवाज चिरकला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. "आणि मी कुठल्याही दारात नीट मागितलं नाही, हेही खरं. आता मागतो. झाकणं उघडा. हिच्यासाठी, आणि पुढच्या गाडीत जी कोण असेल तिच्यासाठी. एवढंच."

तो बसला. कुणी टाळी वाजवली नाही. त्या मुलखात वाजवतही नाहीत. पुढच्या बाकावरच्या दोन बंगलेवाल्या बायका सरळ समोर बघत होत्या, आणि त्यांतल्या एकीचे कान लाल झाले होते.

जेवणाच्या टेबलापाशी वेन्डल आला. तो आपल्या बोटीतून तळं ओलांडून आला होता, बुटांना पाणी लागलं होतं. त्याने खिशातून पितळी कुलूप काढलं.

"बोर्डाची बैठक गुरुवारी आहे," तो म्हणाला. "भांडण होईल. मी भांडेन. तोवर झाकण उघडं राहील." मग हातातलं कुलूप त्याने तोलून बघितलं. "याचं काय करावं कळत नाही. टाकू का तळ्यात?"

"तळ्यात काही टाकायचं नाही," मार्व्हेल म्हणाली.

ऑर्लिनने हात पुढे केला, कुलूप घेतलं आणि कोटाच्या खिशात घातलं. ते जड होतं. मग तो बायकोच्या ताटात बटाटे वाढायला लागला, भुवया अजून जुळलेल्या.