मांडीवरची पिशवी

बीथिका हाजरा शामबाजारला बसमध्ये चढली, तेव्हा कंडक्टर गोपेननं नेहमीप्रमाणे वहिनीची करावी तशी थट्टा केली, "या बौदी! आज कुणाला पकडायला निघालात?"

"तुझ्या सासऱ्याला," ती म्हणाली आणि बायकांच्या बाकावर जाऊन बसली. पण आज बोलण्यात दम नव्हता. रोज नवऱ्याला शोधायला निघायची, आज ती त्याला जाळायला निघाली होती.

बारा वर्षांपूर्वी श्यामापद हाजरा सकाळी डबा घेऊन याच मार्गाच्या बसमध्ये चढला, तो चांदनीच्या पंखेदुरुस्तीच्या दुकानात पोचलाच नाही. ना अपघाताची खबर, ना मढं. पोलीस झाले, ज्योतिषी झाले, कालीघाटला नवस झाले. शेजारणी म्हणाल्या, दुसरा संसार थाटला असेल. जिभेला काय हाड! बीथिका मात्र हट्टाला पेटली. रोज सकाळी ऑफिसच्या गर्दीत त्याच बसनं जायची, चढणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायची, धर्मतल्ल्याला उतरून परत यायची. आणि बसायला जागा मिळाली की आपल्या शहराची रीत पाळायची, म्हणजे उभ्या माणसांच्या पिशव्या मांडीवर घ्यायची. यात विनंती नाही की आभार नाहीत. पिशवी येते, मालक उतरताना हात पुढे करतो, ती परत जाते. घाईत आधी उतरला, तर खिडकीतून द्यायची. पिशवी अडकली की माणूस अडकला, हे कलकत्त्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

आता बारा वर्षं भरली होती. बेपत्ता माणसाचा मग दर्भाचा पुतळा करतात, मसणात नेऊन जाळतात, आणि बायको हातातल्या शंखाच्या बांगड्या उतरवते. धाकटा दीर दुलाल पुतळा आणि भटजींना घेऊन टॅक्सीनं केवडातल्याच्या स्मशानघाटावर पुढे गेला होता. दुलाल मनाचा वाईट नाही. काल तिच्यापुढे लहान पोरासारखा रडला. "बौदी, दादा ना जित्यात, ना मेल्यात. त्याला पाणीसुद्धा देता येत नाही मला. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय काडी लावणार नाही, आईची शपथ."

"येईन," ती दिराला म्हणाली होती. "पण बसनं येईन. आणि तिथं हो म्हणेन असं समजू नका, ठाकुरपो."

शोभाबाजारला बस खच्चून भरली. मांडीवर ओझी येऊन पडू लागली. एका पोरीची पर्स, कुणाचं फ्लॉवर डोकावणारं बाजाराचं झोळणं, कुणाची फाइल. आज चेहऱ्यांकडे बघायची तिची छातीच होईना. दिसला नाही तर? आणि दिसला तर? ती खाली मान घालून पिशव्या सांभाळत बसली.

बऊबाजारला गर्दी जरा सैल झाली. ज्यानं त्यानं आपापलं उचललं. मांडीवर एकच उरली, खाकी कापडाची. तिच्यावर हात पडला आणि बीथिकानं बंद उलटून पाहिला. बंदाला हिरव्या दोऱ्याची शिवण होती. काळा दोरा संपला म्हणून तिनंच घातलेली, तो गेला त्या सकाळी, आणि तो हसत म्हणाला होता, "लोक हसतील गं!" आत डबा होता. डबा गरम होता. खसखशीतल्या बटाट्याचा वास असा दरवळला, की तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि लगेच स्वतःचीच किळस आली.

तिच्या गुडघ्यांजवळ दोन पाय उभे होते. सुजून टम्म झालेले, चपलेचे पट्टे मांसात रुतलेले.

"बीथी," वरून आवाज आला, "दे ना आता. चांदनी आलं."

मान वर न करताच तिनं पिशवीला दोन्ही हातांनी मिठी मारली. "अहो, आधी घरी चला. घरी चला, मग देते."

"तू धरून ठेवलीस, मी उतरू कसा?"

"मी रोज इथंच बसत होते! एकदा तरी हाक मारायची!"

"मारली की. तुझं लक्ष दाराकडे. मी आतच होतो गं."

बीथिकाला रडू फुटलं, आणि रागही आला, असा की ती पिशवी त्याच्या अंगावर फेकावी. बारा वर्षं लोकांचे टोमणे खाल्ले ते कशासाठी? ही सोडली की संपलं, उद्या सकाळी उठून जायचं तरी कुठं? "नाही देणार," ती म्हणाली. "काय करायचं ते करा. तुमच्याशिवाय मला कोण आहे?"

मग तो कळवळून म्हणाला, "बारा वर्षं उभाच आहे गं. पाय फार दुखतात."

संसारात त्यानं कधी तक्रार केली नव्हती. जेवणात मीठ विसरलं तरी मुकाट जेवायचा. बीथिकाचे हात सैल पडले.

"गोपेन, थांबव रे! उतरतायत!"

गोपेननं पत्र्यावर थाप मारली. "हळू, हळू! कोण आहे? आटपा!" दारात कुणी हललं नाही, पण गुडघ्यांजवळचे पाय नाहीसे झाले होते. बीथिका मागे वळली, पिशवी खिडकीबाहेर धरली. खालून गार बोटं तिच्या बोटांना लागली आणि हातातलं वजन गेलं. चेहरा नाहीच दिसला. देवाच्या घरी न्याय असता, तर तेवढं तरी दिलं असतं.

"बौदी, कुणीच उतरलं नाही हो," गोपेन चाचरत म्हणाला.

"तुला काय कळतंय! चल, सोड गाडी."

घाटावर पांढऱ्या कापडाखाली पुतळा निजवलेला होता. दुलाल काड्यापेटी मुठीत धरून उभा होता. आता वहिनी नाही म्हणणार, या भीतीनं त्याचं तोंड उतरलं होतं. भटजी घाई करायला लागले.

बीथिका कुणाशी बोलली नाही. पुतळ्याच्या पायांशी मांडी घालून बसली, कापड बाजूला सारलं, आणि दर्भाच्या त्या दोन पेंढ्या हलक्या हातानं दाबायला लागली.

"बौदी?" दुलाल घाबरून पुढे आला. "काय करताय?"

"थोडं थांबा, ठाकुरपो," ती म्हणाली. "फार उभे होते ते. एवढे पाय चेपून होऊ द्या, मग लावा काडी."