खऱ्या उताराची खोटी बारव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पण माझ्या भरवशावर कुठे निघू नका. माझ्यातले शहर पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. ते यशया मास्तरांच्या डोक्यात होते. खर्डा गावाच्या पलीकडे एका लहानशा गावात ते चित्रकला शिकवत. एकाहत्तर सालच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी ड्रॉइंगचा जाड कागद फळीवर टाचला आणि माझा जन्म झाला.

शहर डोंगरउतारावर वसवायचे, हा मास्तरांचा हट्ट. पण सपाट कागदावर चढ दाखवायचा कसा? डोंगर म्हणून त्रिकोण काढणाऱ्यांचा त्यांना भारी राग. पहिल्या दोन कागदांवर घरे डोंगराला पोस्टाच्या तिकिटांसारखी चिकटवल्यागत दिसली, आणि माझे ते दोन थोरले भाऊ चुलीत गेले. मग मास्तर गावामागच्या माळावर जाऊन बसू लागले. तांब्यातले पाणी खडकावर ओतायचे आणि ते कुठे पळते ते बघायचे. पाणी ज्या दिशेने पळाले, त्या दिशेने टाकाने एक रेघ. उभ्या चढावर रेघा आखूड, जाड, दाटीवाटीने. जिथे उतार मंद तिथे लांब आणि विरळ. सपाटीवर कागद कोराच. घराची खालच्या अंगाची भिंत उंच, वरच्या अंगाची बुटकी. अशा हजारो रेघा मी अंगावर सोसल्या, आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

पायथ्याशी, जिथे सगळ्या रेघा उतरून एकत्र येत होत्या, तिथली जागा मास्तरांना रिकामी वाटली. म्हणून त्यांनी तिथे पायऱ्यांची एक बारव काढली. निव्वळ शोभेसाठी.

पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या. त्या हिवाळ्यात शाळेच्या प्रदर्शनात मला भिंतीवर लावले. लोक आले, बघितल्यासारखे करून पुढे गेले. भिमाजी मात्र थांबले. उभ्या आयुष्यात त्यांनी विहिरीच खणल्या होत्या. त्यांचे बोट माझ्या उतारावरून सावकाश खाली आले.

"मास्तर, ह्यो तर आपलाच माळ हाय! चढ बगा कसा हुबेहूब. आन् ही बारव? जुन्या लोकांची, बुजलेली हाय काय?"

मास्तरांनी बोलायला तोंड उघडले. इतक्या वर्षांत त्यांच्या चित्रापुढे असे कुणी थांबले नव्हते. ते नुसते हसले आणि गप्प राहिले. मित्रांनो, त्या दिवशी मीही फुगलो होतो. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी भिमाजींनी माळाच्या पायथ्याशी पहार मारली. गावची जनावरे सरकारी चारा-छावणीकडे निघाली, तेव्हा भिमाजींच्या पत्नी गोजरबाई म्हणाल्या, "आपली बैलं बी धाडा की. पानी लागंल तवा लागंल."

"चार दिस थांब. मास्तरांच्या नकाशात बारव हाय."

बैल दावणीलाच राहिले. मास्तर रोज ठरवत, उद्या सांगू. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून त्यांनी पाण्यासाठी प्रार्थना केली, पण बारवेबद्दल चकार शब्द काढला नाही. चार दिवसांचे चाळीस झाले. खाली काळा पाषाण लागला, कोरडा ठणठणीत.

पहिला बैल बसला तो उठलाच नाही. दोन दिवसांनी दुसराही गेला. तेव्हा कुठे मास्तर मला घेऊन खड्ड्याच्या काठावर गेले.

"भिमाजी, हे शहर मी मनानं काढलंय. बारवसुद्धा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

भिमाजींनी पुन्हा माझ्या उतारावरून बोट फिरवले. "पर मास्तर, चढ तर खरा हाय," एवढेच ते म्हणाले.

काठावर उभ्या गोजरबाई ओरडल्या नाहीत. "तुमी एक शबूद बोलला असता, तर माजी बैलं छावनीत जगली असती," असे म्हणून त्या घराकडे वळल्या.

त्या संध्याकाळी मास्तरांनी ब्लेडने बारव खरवडायला घेतली. शाई खोलवर मुरली होती. ते खरवडतच राहिले, आणि शेवटी तिथे कागदाला भोक पडले. त्यानंतर त्यांनी टाक हातात धरला नाही. मी पत्र्याच्या पेटीत तळाशी गेलो. पुढच्या मिरगाला पाऊस आला म्हणे, पण भिमाजींच्या दावणीला औत ओढायला कुणी नव्हते. मी तिथे अंधारात पडून सगळे ऐकत होतो. माझा उतार जरा वाकडा निघाला असता तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

मित्रांनो, कधी ही पेटी उघडलीत तर मला वाळवीपासून जपा. मनातली शहरे जरूर काढा, उतारही असेच खरे काढा. पण कुणी तहानलेला माणूस त्यापुढे थांबला, तर तुमचे कौतुक पुरते ऐकून घेण्याआधी त्याला खरे सांगा. आणि एवढे करा, मागून कागद चिकटवून माझे भोक बुजवू नका. माझ्या सगळ्या रेघा अजून तिथेच उतरतात.