बगळ्याचा दुसरा पाय

मोरीच्या दाराला कडी म्हणून लावलेली लोखंडी पिन पानाने उपसली आणि कोटाच्या खिशात टाकली. आता दार कशाने लावायचं, असं बायकोने विचारलं, तेव्हा गाणं म्हणत अंघोळ कर, एवढंच सांगून तो सटकला.

पाना हे त्याचं टोपणनाव. लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये मेकॅनिक असताना हातातला पाना कधी सुटत नसे, म्हणून पडलेलं. आज स्क्वाड्रनच्या जुन्या मंडळींचा सत्कार होता आणि त्यांचं शेवटचं विमान फाटकाजवळ चौथऱ्यावर बसवलं होतं. शाल मिळो न मिळो, पानाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला बगळेसाहेबांपुढे एक गुन्हा कबूल करायचा होता. साहेबांनी ऐंशी ओलांडली होती, तेव्हा आज नाही तर कधीच नाही.

बगळेसाहेब त्या विमानाचे वैमानिक. जमिनीवर चाकं मिटू नयेत म्हणून विमानाच्या तिन्ही पायांत लाल फितीची एकेक पिन असते. उड्डाणाआधी मेकॅनिकने तिन्ही काढून उंच धरायच्या, वैमानिकाने बोटांवर मोजायच्या, मगच निघायचं. त्या विमानाच्या निरोपाच्या उड्डाणाला पानाने दोनच काढल्या. सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यावरून विमान एक पाय लोंबकळत ठेवून गेलं. ते उतरताच पानाने तिसरी पिन गुपचूप खिशात घातली. नोकरी जाण्याच्या भीतीने त्याची बोबडी वळली होती. तपासणीत विमान ठणठणीत निघालं, म्हणजे चूक वैमानिकाचीच असं ठरलं आणि सगळं हसं झालं ते साहेबांचं. विमान एका पायावरच्या बगळ्यासारखं दिसलं, म्हणून तेव्हापासून पन्नास वर्षं ते बगळा.

साहेब चौथऱ्याजवळ काठी टेकून एकटेच उभे होते. पानाने वाटेत भाषण पाठ केलं होतं, ते म्हटलंच नाही. त्याने नुसती पिन पुढे केली. मोरीत भिजून भिजून तिची लाल फीत गुलाबी झाली होती.

साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"तुमचं नाव माझ्यामुळे खराब झालं, साहेब," तो कसाबसा म्हणाला.

"किती दाखवल्या होत्यास त्या दिवशी?"

"दोन."

साहेबांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी मोजल्याच नव्हत्या रे. पाहुण्यांत आमची ही बसली होती. लग्न ठरायचं होतं. मी तिला हात करत होतो."

म्हणजे पन्नास वर्षं दोघेही चोरासारखे वागत होते, आणि तेही एकमेकांना चुकवून. पानाला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले.

विमानाच्या दोन पायांत नव्या लाल फिती होत्या. तिसरा पाय मोकळाच होता, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पानाने त्या दोन्ही पिना उपसल्या, तिसरीसोबत उंच धरल्या. साहेबांनी काठी काखेत दाबली आणि बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन. मग मान हलवली. पानाने तिन्ही पिना जागच्या जागी बसवल्या, गुलाबी फितीची सगळ्यात शेवटी.

सत्काराला साहेबांचं नाव पुकारलं तेव्हा ते पानाचा हात धरून मंचावर चढले. समोर जुनी मंडळी आधीच बगळा, बगळा म्हणून हसत होती.

"बरोबर, मी बगळा," साहेब म्हणाले. "आणि हा माझा दुसरा पाय. आधी शाल याला घाला."