बंबाचा धूर

शेषेरावांचा दमा बळावला तो शेजारच्या रामकिशनच्या हॉटेलातल्या दगडी कोळशाच्या भट्टीनं, याबद्दल त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, तिळमात्र शंका नव्हती. धुराडं हलव म्हणून त्या सारखं भांडत. रामकिशन म्हणे, "काकू, धुरावर माझं नाव लिवलंय का?"

म्हणून विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या लुंबिनीनं त्यांच्या गच्चीवर हवा ओढणारं यंत्र बसवलं, तेव्हा बाईंना माहेरचं माणूस आल्यासारखं झालं. यंत्रातल्या पांढऱ्या चकतीवर हवेतले बारीक कण बसत; ते कशातून निघाले हे प्रयोगशाळेत उलगडे.

पूस महिना. पोरगी एवढ्या थंडीत चकती बदलायला येते, तिला कढत पाणी नको? बाईंचा तांब्याचा बंब भोकरहून लग्नात आलेला. त्या काळी पाहुणा दिसला की आधी बंब पेटायचा, मग चहा. एरवी तासभर चालणारा बंब त्या आठवड्यात दिवसभर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या खात राहिला.

निकाल ऐकायला रामकिशनही आला.

"आजी, लाकूडफाटा जळाला की धुरात एक खास साखर उतरते," लुंबिनी म्हणाली. "कोळशाच्या धुरात ती नसते, त्यात गंधक आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, जास्त. तुमच्या चकतीवर साखरच साखर आहे."

"म्हंजी काकूचा बंब!" रामकिशननं मांडी थोपटली. "काकाला तुम्हीच धुरी देऊन राहिल्या की!"

"अगं, तुझ्याच अंघोळीसाठी पेटता ठेवला व्हता!"

"मी हॉस्टेलवर अंघोळ करूनच येते, आजी!"

"तू कधी 'हाव, न्हाते' म्हणशील, काय नेम?"

लुंबिनीनं कपाळाला हात लावला. "पुन्हा मोजू. पण आता बंब बंद."

पुढच्या मोजणीच्या पहिल्याच सकाळी बाई गार पाण्याच्या बादलीपुढं बसून होत्या. गॅसवरच्या पाण्यानं अंघोळ झाल्यासारखं त्यांना कधी वाटलंच नाही. रामकिशननं भिंतीवरून डोकावून पाहिलं. जिंकलेल्या माणसाला दया लवकर येते.

"काकू, गारठून मरशीला. भट्टीवर हंडा चढवतो, बादली धाडतो."

त्यानं दोन घमेली कोळसा जास्तीचा ओतला. काळा धूर गच्चीकडं वळला. यंत्र इमानेइतबारे ओढत होतं.

त्याला सावध करायला बाईंनी तोंड उघडलं. एवढ्यात आत शेषेराव खोकले, खोकतच राहिले.

"एका बादलीनं काय व्हतंय, बाबा?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुज्या काकालाबी न्हायचं हाय. चांगलं कढत येऊ दे."