बायकोचा पेला

“जोडीतला मोठा असता तर गोष्ट वेगळी होती. हा काय, नुसता बायकोचा.” काच पुसणारी बाई सोबतिणीला म्हणाली. तिला वाटलं, इथे ऐकायला कोण आहे!

मी होतो ना. जपानातल्या सोमा गावच्या मातीचा, अंगावर धावता घोडा मिरवणारा चहाचा पेला बोलतोय. संग्रहालयात येऊनही मोठ्याचं नाव काही माझा पिच्छा सोडत नाही. खालच्या पाटीवर लिहिलंय, ‘पती-पत्नीच्या जोडीतील पत्नीचा पेला’. ते खोटं आहे. पण हात जोडून सांगतो, पाटी बदलू नका. का, ते ऐका.

आम्ही दोघे एकाच भट्टीतून निघालो. बाहेरचा वारा लागताच हिरव्या झिलईला बारीक बारीक चिरा पडत गेल्या आणि दोघेही कितीतरी वेळ किणकिणत राहिलो. तो मोठा, मी धाकटा. त्याचा घोडा माझ्याकडे तोंड करून, माझा त्याच्याकडे. फळीवर ठेवलं की डोळ्यांसमोर तोच.

एइकिची आणि किनुए यांच्या लग्नात आम्ही आहेरात आलो. मोठा नवऱ्याचा, लहान बायकोचा, हे कुणी सांगायला नको. पण पहिल्याच आठवड्यात एइकिचींनी मोठ्यात डोकावून तोंड वाकडं केलं.

“एवढा चहा? पिऊन होईतो गार. मला आपला घोटभर, पण चटका बसेल असा हवा.”

“आणि मला बादलीभर दिलात तरी चालेल,” म्हणत किनुएबाईंनी मोठा ओढून घेतला.

झालं. पुढे जन्मभर तेच. सकाळी बागेकडच्या दारात बसून त्या त्याला दोन्ही हातांत धरायच्या, थंडीत गालाला लावायच्या. त्यांच्या चहाने त्याच्या चिरा तपकिरी होत गेल्या. माझ्याही झाल्या, पण नवऱ्याच्या चहाने! एइकिची मला स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला त्याचं काय? माझा सगळा जीव पलीकडे, किनुएबाईंच्या हातांत.

पाहुण्यांची वाट माझ्याइतकी त्या घरात कुणी पाहिली नसेल. एइकिचींची थोरली बहीण फुसाए आली की रीत पाळली जायची : मोठा नवऱ्यापुढे, मी बाईंपुढे. तेवढाच त्यांचा हात लागायचा. तोही कसा? मुळ्याच्या लोणच्याबरोबर दोन घोटांत मला संपवून त्या मोठ्याकडे आशाळभूतपणे बघत बसायच्या.

ही अदलाबदल बाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती मिसुझुला, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेला. ती बोलायची कमी, बघायची फार.

मग किनुएबाई गेल्या. आमच्याकडे माणूस घरातून कायमचं निघालं की त्याचा रोजचा पेला उंबऱ्यावर फोडतात. म्हणजे ते मागे वळत नाही. (पुढे एइकिची गेले, तेव्हा मलाही फोडायला हवं होतं. पण भट्टी बंद पडली होती, असे पेले कुठे उरले नव्हते, म्हणून मिसुझुने मला इथे आणून दिलं.) तर त्या दिवशी फुसाएबाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी सरळ मला उचललं.

लाज कसली सांगायला, मी हरखलो! फुटेन, पण तिचा म्हणून फुटेन. तो बसेल फळीवर एकटा, माझ्या रिकाम्या जागेकडे बघत.

उंबऱ्याशी हात वर गेला, तोच मिसुझु आडवी आली. तिच्या हातात तो होता.

“बाजूला हो गं,” फुसाएबाई फिस्कारल्या. “एरवी हिच्या तोंडून शब्द निघत नाही, आणि नेमकी आज मध्ये कडमडतेय. काल आलेली तू, तुला काय कळतंय? बायकोचा लहानच असतो.”

एइकिची दाराला टेकून उभे होते. ताईला अडवायची त्यांची छाती नव्हती. नुसते दोन्ही हात पुढे आले. मला वाटलं, मोठ्याला वाचवायला असतील. पण ते माझ्या दिशेने होते.

मिसुझुने सासऱ्यांचे ते हात पाहिले. मग मोठा पेला आत्यांपुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“आत्या, आई रोज यातून प्यायच्या. तुमच्या हातातला बाबांचा आहे. तो फोडलात, तर उद्या सकाळी बाबांना चहा कशात देऊ?”